नऊ ओलिसांच्या राजाचा खापरपणतू : संत कोलंबा

मत्तयकृत शुभवर्तमान उघडले की प्रथम भेटते ती वंशावळी. अब्राहामापासून योसेफापर्यंत नावांमागून नावे येत राहतात, आणि आपल्यापैकी पुष्कळजण त्या सतरा वचनांवरून नुसती नजर फिरवून येशूच्या जन्मकथेकडे वळतात. पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला ही सवलत नसते. प्रत्येक नावाचे रूप, प्रत्येक पिढीचा दुवा त्याला तपासून पाहावा लागतो. असे करता करता त्याच्या ध्यानी येते की, ज्यांच्यासाठी ही नावे प्रथम लिहिली गेली त्यांना ती मुळीच रुक्ष वाटत नव्हती. सिंहासनावर बसण्याचा हक्क कोणाचा, कोण कोणाचा वारस, वचन कोणाला दिले होते, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे मिळत होती.

वंशावळीला असेच प्राणापलीकडे जपणारा आणखी एक देश होता, तो म्हणजे प्राचीन आयर्लंड. त्या देशातील एका थोर राजवंशात जन्मलेल्या, परंतु राजा न झालेल्या एका देवमाणसाचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे. लॅटिन भाषेत त्यांना कोलंबा म्हणतात. त्यांचे देशबांधव त्यांना कोलमकिले म्हणतात. पहिल्या नावाचा अर्थ कबुतर, आणि दुसऱ्याचा, मंडळीचे कबुतर.

पाणी वाहणारी राणी

रोमी साम्राज्याची सत्ता आयर्लंडवर कधीच पोहोचली नाही. तेथे कितीतरी लहानमोठी राज्ये नांदत होती आणि प्रत्येकाला आपापला राजा होता. राज्य बापाकडून थोरल्या मुलाकडे आपोआप जात नसे. एका पणजोबाच्या पुरुष वंशजांपैकी कोणीही लायक पुरुष त्यावर हक्क सांगू शकत असे. म्हणून अमका कोणाचा पणतू हा प्रश्न तेथे जमिनीचा, सत्तेचा आणि पुष्कळदा जीवनमरणाचा होता. ही नावे मुखोद्गत ठेवणारे कवी त्या समाजात फार मोठ्या मानाचे असत, आणि त्यांच्या जिभेचा धाक राजांनाही वाटे.

त्या सर्व वंशावळींत सर्वांत तेजस्वी नाव होते नीअल या राजाचे. त्याला नऊ ओलिसांचा नीअल असे म्हणत. तो इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्या शतकात होऊन गेला असावा, असे इतिहासकार मानतात. मात्र त्याच्याविषयी जे सांगितले जाते त्यात आख्यायिकेचाच भाग मोठा आहे. ओलीस म्हणजे जिंकलेल्या राजाने निष्ठेची हमी म्हणून स्वाधीन केलेला माणूस, बहुधा त्याचा पुत्रच. परंपरा सांगते की, नीअलकडे आयर्लंडच्या पाच प्रांतांतून पाच आणि समुद्रापलीकडून चार असे नऊ ओलीस होते. म्हणजे त्याच्या वैभवाची मोजदाद दुसऱ्यांच्या बंदिवान मुलांवरून होत होती.

परंतु वाचकहो, याच राजाच्या जन्माची कथा ऐका. अकराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या आख्यायिकेनुसार त्याच्या पित्याला दोन बायका होत्या. पट्टराणी मोंगफिन हिला चार पुत्र होते. दुसरी कॅरेन ही परदेशातून बंदिवान करून आणलेली राजकन्या. मोंगफिनने मत्सरापोटी तिला दासीचे काम लावले आणि ती गरोदर असतानाही टारा येथील राजगृहासाठी विहिरीचे पाणी वाहायला भाग पाडले. त्या विहिरीजवळच उघड्यावर कॅरेन प्रसूत झाली. पट्टराणीच्या भयाने बाळाला उचलून घेण्याचे धैर्य कोणालाही, प्रत्यक्ष आईलाही झाले नाही. पक्षी त्याला टोचू लागले, तेव्हा तोर्ना नावाच्या कवीने त्याला पोटाशी धरले आणि वाढवले. मोठा होऊन नीअल टारा येथे परतला तेव्हा त्याला आई पाणी वाहताना दिसली. त्याने ते काम तेथल्या तेथे थांबवले आणि तिला राजवस्त्र नेसवले.

नीअलच्या घराण्याने आपल्या पूर्वजाविषयी या दोन्ही गोष्टी जपून ठेवल्या. त्याने आईला दास्यातून सोडवले, हे त्या सांगतात. आणि त्याने नऊ घरची मुले ओलीस धरली, हेही सांगतात. त्याच्या वंशजांपुढे दोन्ही वारसे होते. कोलंबांनी त्यांतला कोणता उचलला, हेच त्यांच्या जीवनात पाहायचे आहे.

राजवाड्याऐवजी मठ

परंपरेनुसार कोलंबांचा जन्म 521 च्या सुमारास, आजच्या डोनेगल परगण्यातील गार्टन येथे झाला. पिता फेलिमी, आजोबा फर्गस, पणजोबा कोनल आणि खापरपणजोबा नीअल, अशी त्यांची वंशावळ आहे. त्यांचा सख्खा चुलतभाऊ आनमिरे पुढे टाराचा राजा झाला आणि त्यानंतर आनमिरेचा मुलगा एड हाही बलाढ्य राजा झाला. कोलंबा त्याच रक्ताचे होते. त्यांनी राजपदाचा हक्क सांगितला असता तर त्यात कोणालाही नवल वाटले नसते.

त्यांच्या आईचे नाव एथने. कोलंबांचे चरित्रकार अदोम्नान सांगतात की, बाळ पोटात असताना तिला स्वप्न पडले. एका देवदूताने तिला अतिशय सुंदर अंगरखा दिला, परंतु थोड्याच वेळात तो परत मागून घेतला. तो वाऱ्यावर उलगडत गेला आणि पाहता पाहता माळांवर आणि डोंगरांवर पसरला. आई दुःखी झाली. तेव्हा तिला समजावण्यात आले की, हा पुत्र तिच्या एकटीच्या घरासाठी नाही.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलाला दुसऱ्या घरी वाढवण्यासाठी देत. कोलंबांना एका धर्मगुरूच्या घरी ठेवण्यात आले. पुढे ते फिनियन या थोर गुरूंच्या हाताखाली शास्त्र शिकले आणि त्यांनी दीक्षा घेतली. डेरी येथील मठ त्यांनी स्थापन केला असे परंपरा मानते.

कूल ड्रेव्हनेची लढाई

वाचकहो, येथे या चरित्रातील काळे पान येते आणि ते झाकून ठेवणे योग्य नाही. 561 च्या सुमारास स्लायगो परगण्यात कूल ड्रेव्हने येथे मोठी लढाई झाली. एका बाजूला टाराचा राजा दिअरमित होता आणि दुसऱ्या बाजूला कोलंबांचे भाऊबंद होते. वंशावळीनुसार दिअरमितही नीअलचाच वंशज. म्हणजे ही भाऊबंदकीच होती. कोलंबांच्या नातलगांचा जय झाला, आणि तो कोलंबांच्या प्रार्थनांमुळे झाला असे जुन्या बखरींनी नोंदवून ठेवले.

लढाईचे कारण काय? एक परंपरा सांगते की, कोलंबांच्या आश्रयाला आलेल्या एका तरुण राजपुत्राला दिअरमितच्या माणसांनी ओढून नेऊन ठार केले. दुसरी गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. कोलंबांनी फिनियन यांच्याजवळील स्तोत्रसंहितेची प्रत गुपचूप उतरून घेतली. फिनियननी ती मागितली. वाद राजापुढे गेला तेव्हा वासरू जसे गाईच्या मालकाचे, तशी प्रत मूळ पुस्तकाच्या मालकाची, असा निवाडा दिअरमितने दिला; आणि त्यातून रक्तपात झाला. ही कथा आज आपल्याला प्रामुख्याने ज्या चरित्रातून माहीत आहे, ते 1532 मध्ये मॅनस ओडॉनेल या सरदाराने तयार करवले. तोही कोनलच्याच वंशातला. सुमारे हजार वर्षांनंतर लिहिलेल्या या कथेचा प्रत्येक शब्द इतिहास म्हणून घेता येणार नाही. मात्र स्तोत्रसंहितेची एक अतिप्राचीन लॅटिन प्रत आजही डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. तिची 58 पाने उरली आहेत. तिचे नाव काथाख, म्हणजे लढवय्या. ओडॉनेल घराणे विजयाची खूण म्हणून ती रणांगणावर नेत असे. ज्या स्तोत्रांनी मनाला शांती द्यावी, ती कुळाच्या युद्धाचे निशाण झाली!

लढाईनंतर एका धर्मसभेने कोलंबांना बहिष्कृत केले. कारण क्षुल्लक होते आणि निर्णय चुकीचा होता, असे अदोम्नान लिहितात. पण ते स्वतः त्याच घराण्यातले आणि त्याच मठाचे होते, हे आपण विसरू नये. सभेत ब्रेंडन नावाचे एक मठाधिपती कोलंबांना पाहताच उठून उभे राहिले, त्यांनी त्यांचे चुंबन घेतले आणि निर्णय मागे घेण्यात आला. तरीही 563 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कोलंबांनी बारा सोबत्यांसह मायभूमीचा किनारा सोडला. पुढील काळातील कथा याला पापाचे प्रायश्चित्त म्हणतात. अदोम्नान एवढेच सांगतात की, ख्रिस्तासाठी परदेशी होण्याची त्यांची इच्छा होती. ज्या देशात माणसाची ओळख त्याच्या कुळावरून होते, त्या देशात कुळ सोडून परक्यांत जाऊन राहणे हा फार मोठा त्याग होता.

आयोनाचे बेट

स्कॉटलंडच्या पश्चिमेला मल बेटाच्या टोकाशी आयोना हे चिमुकले बेट आहे. त्याची लांबी जेमतेम पाच किलोमीटर. तेथे कोलंबांनी मठ बांधला. शेती, प्रार्थना, आल्यागेल्याचे आदरातिथ्य आणि शास्त्राच्या प्रती लिहिणे, हा तेथील दिनक्रम होता. बेटाच्या नावाविषयी एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. मूळ लॅटिन लेखनातील एक अक्षर नंतरच्या नकलकारांनी चुकीचे वाचले आणि त्यातून आयोना हे नाव रूढ झाले. इब्री भाषेत योना म्हणजे कबुतर. अशा रीतीने लेखनाच्या चुकीतून कबुतराचे बेट कबुतराच्याच नावाचे झाले. कोलंबा आणि योना संदेष्टा यांच्या नावांचा अर्थ एकच आहे, हे अदोम्नाननीही नोंदले आहे.

कोलंबांनी घर सोडले, पण राजकारणाने त्यांना सोडले नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर दाल रिआटा हे आयरिश लोकांचे राज्य होते. 574 मध्ये तेथील राजा वारला, तेव्हा वारस ठरवण्याचा प्रश्न आला. कोलंबांचे मन एओगनानकडे ओढत होते. अदोम्नान सांगतात की, राजांच्या अभिषेकाचे स्फटिकाचे पुस्तक हाती घेतलेला देवदूत त्यांना दिसला, आणि त्या पुस्तकात एओगनानच्या भावाचे, एडानचे नाव होते. कोलंबांनी नकार दिला. देवदूताने त्यांना चाबकाने मारले आणि तो वळ जन्मभर अंगावर राहिला. लागोपाठ तीन रात्री तोच दर्शनाचा प्रसंग झाला, तेव्हा कोठे त्यांनी एडानच्या मस्तकावर हात ठेवला. वाचकहो, इशायाच्या घरी शमुवेलाने थोरल्या मुलाकडे पाहिले आणि देवाने मेंढरे राखणाऱ्या धाकट्याला निवडले, ते येथे आठवल्याखेरीज राहत नाही. राजे निवडण्याची सवय असलेल्या कुळाच्या या पुत्राला स्वतःची आवडनिवड खाली ठेवायला शिकावे लागले.

दासीची सुटका

उत्तरेला पिक्ट लोकांचे राज्य होते. त्यांचा राजा ब्रूडे नेस नदीच्या परिसरात राहत असे. कोलंबा त्याच्या भेटीला गेले. राजाचा गुरू ब्रोइखान हा जुन्या धर्माचा मोठा मांत्रिक होता आणि त्याच्या घरी एक आयरिश मुलगी दासी म्हणून होती. तिचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. कोणत्या कुळाची, कोणाची मुलगी, हेही नाही. कोलंबांनी केवळ दयेपोटी तिची सुटका मागितली. ब्रोइखानने ती नाकारली. तेव्हा कोलंबांनी प्रत्यक्ष राजासमोर त्याला बजावले की, ते तेथून निघण्यापूर्वी ही परदेशी बंदिवान मुक्त झाली नाही तर त्याचे आयुष्य फार उरलेले नाही. पुढे ब्रोइखान एकाएकी आजारी पडला. राजाचे दूत धावत आले. कोलंबांनी नदीतला एक पांढरा खडा आशीर्वाद देऊन पाठवला; मात्र आधी मुलगी मुक्त झाली पाहिजे, ही अट कायम ठेवली. ती मुक्त झाली आणि मग ब्रोइखान त्या खड्याचे पाणी पिऊन बरा झाला.

चमत्काराचा भाग आपण कसाही घ्या. मागणीकडे मात्र लक्ष द्या. परक्या राज्यात, सुवार्तेला दार उघडावे म्हणून गेलेला पाहुणा राजगुरूला दुखवतो, तेही एका दासीसाठी. त्याच्या वंशाच्या मुळाशी विहिरीवरून पाणी वाहणारी एक बंदिवान परदेशी स्त्री उभी होती, अशी पुढे त्या वंशाने आठवण सांगितली.

ओलिसांच्या बाबतीतही असेच दिसते. परंपरेने सर्वश्रुत झालेली ड्रम केट येथील राजांची सभा बखरींत 575 साली नोंदलेली आहे. काही इतिहासकार ती पुष्कळ नंतरची मानतात. त्या सुमारास कोलंबा आयर्लंडमध्ये आले असता, स्कँडलान नावाचा एक तरुण राजपुत्र त्यांच्याच नात्यातल्या एड राजाच्या बंदीत साखळदंडात होता. कोलंबांनी त्याला बंदिखान्यात जाऊन भेट दिली, धीर दिला आणि तो मुक्त होऊन राज्य करील असे सांगितले. नऊ ओलीस बाळगणाऱ्या राजाचा खापरपणतू ओलिसाच्या शेजारी जाऊन बसला होता. पुढील परंपरा असेही सांगते की, याच सभेत वंशावळी राखणाऱ्या कवींना देशाबाहेर घालवण्याचे घाटत होते, आणि कोलंबांनी मध्यस्थी करून त्यांना वाचवले. मात्र त्यांनी आपला डामडौल कमी करावा, असेही ठरवून दिले.

अखेरचा दिवस

597 च्या जून महिन्याची 8 तारीख, शनिवार. वृद्ध कोलंबांनी मठाच्या धान्याच्या कोठाराला आशीर्वाद दिला. वाटेत दमून बसले असता दूध वाहणारा पांढरा घोडा जवळ आला, त्याने त्यांच्या छातीवर डोके टेकले आणि अश्रू गाळले, असे अदोम्नान लिहितात. सेवक त्याला हाकलू लागला, पण कोलंबांनी तसे करू दिले नाही. मग ते खोलीत येऊन स्तोत्रसंहितेची प्रत लिहायला बसले. चौतिसाव्या स्तोत्रात, परमेश्वराचा शोध करणाऱ्याला काही उणे पडत नाही अशा आशयाच्या दहाव्या वचनाशी पान संपले. तेथे त्यांनी लेखणी ठेवली आणि पुढील भाग बायथीनने लिहावा असे सांगितले. पुढील वचनात लेकरांना जवळ बोलावून परमेश्वराचे भय शिकवण्याची गोष्ट आहे. मठाच्या पुढील गुरूला ते वचन साजेसेच होते. उघडा खडक हे त्यांचे अंथरूण आणि दगड ही उशी. मध्यरात्रीच्या प्रार्थनेची घंटा होताच ते सर्वांच्या आधी उपासनामंदिरात गेले आणि वेदीपुढेच त्यांनी प्राण सोडला. आयुष्याच्या पूर्वार्धात ज्या पुस्तकाच्या प्रतीवरून रक्त सांडले असे सांगतात, त्याच पुस्तकाची प्रत करता करता त्यांचा अखेरचा दिवस सरला.

वंश पुढे चालला

आता एक सत्य सांगितले पाहिजे. बायथीन कोण होता? कोलंबांचा चुलतभाऊ. आयोनाच्या पहिल्या शतकातील बहुतेक मठाधिपती कोनलच्याच वंशातून आले. म्हणजे सिंहासन सोडले तरी कुळ मठात शिरलेच. पुढे आयरिश मठवासीयांनी आपल्या राजांच्या वंशावळी पवित्र शास्त्राला जोडल्या. अकराव्या शतकातील लेबोर गबाला या ग्रंथात आयरिश लोकांचे मूळ नोहाचा पुत्र याफेथ याच्यापर्यंत नेले आहे; वाटेत बाबेलचा बुरूज आणि फारोची एक कन्याही येते. बलवान झालेल्या घराण्यांना सोयीचे पूर्वज मिळाले आणि दुर्बल झालेल्यांची नावे मागे पडली. वंशावळींच्या अंतहीन वादांपासून दूर राहण्याची सूचना पौलाने तीमथ्याला आणि तीताला का दिली, हे अशा वेळी समजते.

परंतु त्याच कुळातून आणखी एक फळ आले. नववे मठाधिपती अदोम्नान यांनी 697 मध्ये बिर येथे राजे आणि धर्मगुरू एकत्र आणून एक कायदा संमत करून घेतला. युद्धात स्त्रिया, मुले आणि धर्मसेवक यांना मारू नये, असा तो कायदा. नव्वदाहून अधिक राजांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी त्याची हमी घेतली. त्यांत टाराचा तत्कालीन राजाही होता, तोही कोनलचाच वंशज. कुळाचे वजन या वेळी निःशस्त्रांच्या रक्षणासाठी वापरले गेले. त्याच सुमारास अदोम्नाननी कोलंबांचे चरित्र लिहिले. 713 मध्ये मरण पावलेल्या दोरबेने या मठवासीयाच्या हातची त्याची प्रत आजही स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथे आहे.

2006 मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी असे दाखवले की, वायव्य आयर्लंडमधील सुमारे पाचव्या हिश्शाच्या पुरुषांत एकाच पूर्वजाची आनुवंशिक खूण आढळते. तो पूर्वज नीअल असावा, असा तर्क तेव्हा केला गेला. पुढील अभ्यासांत ती खूण त्याच्याहूनही जुनी असावी असे दिसले. काही असो, त्या मोजणीत कोलंबांचा वाटा नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. तरीही चौदाशे वर्षे लोटली तरी त्यांचे नाव घेणारी लेकरे आहेत.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळ्यांत अजूनही सोयरीक जुळवताना बाप्तिस्म्यापूर्वीची जात हळूच विचारली जाते. अमके घराणे मिशनच्या काळापासूनचे, तमके कालचे, असेही आपण म्हणतो. उलट आपल्यातील कित्येकांच्या पूर्वजांची नावे कोणत्याही भाटाने लिहून ठेवली नाहीत. त्यांनी दुसऱ्यांची ओझी वाहिली, पण गावच्या विहिरीतून स्वतःच्या हाताने पाणी काढण्याची त्यांना मुभा नव्हती. त्यांच्या लेकरांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. नीअलच्या गर्विष्ठ घराण्यालाही आपली आद्य माता पाणी वाहणारी दासी होती हे सांगावे लागले. आणि आपल्या प्रभूच्या वंशावळीत तामार आहे, राहाब आहे, परदेशी रूथ आहे, आणि उरीयाची पत्नी आहे.

पुढच्या वेळी मत्तयाचा पहिला अध्याय उघडाल तेव्हा पान उलटू नका. ती नावे एकेक करून, मोठ्याने, घरातील मुलांना ऐकू जातील अशी वाचा. मग त्यांना त्या चार स्त्रियांविषयी सांगा, आणि ब्रोइखानच्या घरातील त्या निनावी मुलीविषयीही सांगा. आपल्या आजूबाजूला आज कोण कोणाच्या बंदीत आहे, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतील. त्याचे उत्तर देण्याची तयारी प्रभू आपणां सर्वांना देवो.